दार फळणीच्या दिवशी मी दार उघडलं

प्रिय सॉलोमन,

बघा, लिहिलं एकदाचं नाव! त्रेचाळीस वर्षं नुसत्या ‘अहो’वर संसार केला. आता तुम्ही चष्म्यावरून रोखून बघणार नाही, म्हणून धीर झाला. पण पुढे सगळं अहो-जाहोच चालणार आहे. या वयात सवयी बदलून काय करायचंय?

आज शिळा सण. तुमची आई म्हणायची, दार फळणीच्या आदल्या संध्याकाळी आपली गेलेली माणसं घरी येतात, मुक्काम करतात आणि शिळ्या सणाला परत निघतात. मी तेव्हा शाळामास्तरीण, नवी नवरी. मनातल्या मनात हसायचे. यंदा हसले नाही. परवा तुमच्या खुर्चीपुढे ताट मांडलं, नारळ घातलेल्या रव्याच्या पुऱ्या ठेवल्या आणि खुर्चीच्या पाठीवर तुमचा पांढरा शर्ट टाकला. म्हणजे तुम्ही अजून इथेच असणार आणि आज निघणार. त्याआधी मला हे लिहून संपवायचं आहे.

काल काय झालं ते तुम्हाला दिसलं असेलच. तरी माझ्या तोंडून ऐका. काल, दार फळणीच्या दिवशी, मी दार उघडलं.

लगेच कपाळाला आठ्या घालू नका! सगळं सांगते.

आठवतं का हो, लग्नानंतरचा माझा पहिला दार फळणीचा सण? मी मुंबईच्या, जरा सुधारलेल्या घरातली. आम्ही त्याला ऐटीत योम किप्पुर म्हणायचो. सिनेगॉगमध्ये दिवस काढायचा, संध्याकाळी घरी येऊन उपास सोडायचा, झालं. तुमच्याकडे मात्र रीत अलिबागकडच्या गावची. सूर्य मावळायच्या आत अंघोळी, पांढरे कपडे आणि मग दार फळायचं. म्हणजे जे लावून घ्यायचं ते दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत उघडायचं नाही. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही, परक्याशी बोलणं नाही. वर्षभरात जे चुकलं त्याची देवाकडे माफी मागत बसायचं. मी सासूबाईंना विचारलं, “आणि पोस्टमन आला तर?” त्या म्हणाल्या, “त्याला माफी मागायची असेल तर त्याच्या घरी मागेल.” तुम्ही प्रार्थनेचं पुस्तक तोंडासमोर धरलं होतंत. पुस्तक हलत होतं, मला दिसलं!

पुढे खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या या बिल्डिंगमध्ये आलो आणि ही रीत सांभाळायला आपल्याला समोरच्या म्हात्रे वहिनी मिळाल्या. बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची, एके काळचं भातशेत. त्यामुळे जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि सगळ्या बिऱ्हाडांचे सणवार यांवर त्यांचाच हक्क. दरवर्षी त्या दूधवाल्याला जिन्यातच अडवायच्या. “आज त्यांचा दार फललाय. उद्याला ये.” तुम्ही म्हणायचात, आपल्याला ठाण्यात रब्बी नसला तरी चालेल, म्हात्रे वहिनी पाहिजेत.

आणि मग तुमचं ते दिवसभर खुर्चीत बसणं. डॉक्टरांनी सिनेगॉगचे जिने बंद केल्यापासून तुम्ही घरीच प्रार्थना म्हणायचात. दुपारी तीनच्या सुमाराला आवाज बारीक व्हायचा, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, “ऐकू येत नाहीये, देवाला तरी कसं येणार?” किती शांत दिवस असायचा तो. डेपोतल्या गाड्यांचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटायचा.

नर्गिस आपल्या घरात आली ती तुमच्या शर्टामुळे. सगळा जन्म कारखान्यात ड्रॉइंग काढण्यात गेल्यामुळे तुम्हाला कॉलर एका सुताने वाकडी दिसली तरी झोप यायची नाही. ठाण्यातल्या झाडून सगळ्या शिंप्यांशी तुमचं बिनसलं होतं. शेवटी गल्लीतल्या टेलरकडे एक अफगाण बाई कामाला लागली आणि तिने शिवलेला शर्ट घालून तुम्ही आरशासमोर दहा मिनिटं उभे राहिलात. मग काय, तिला थेट घरीच बोलावणं गेलं!

राहायची शीळफाट्याजवळच्या एका खोलीत, लेकीला, सहरला, घेऊन. हळूहळू तिने सांगितलं. तिकडे, तिच्या देशात, ती मुलींना शिवण शिकवायची, आणि शिवणाच्या आडून लिहायला-वाचायला. ते कळल्यावर तिच्या नवऱ्याला घरातून उचलून नेलं, तो परत आलाच नाही. ही सहरला घेऊन उपचाराच्या व्हिसावर इथे उतरली. व्हिसा संपला. दिल्लीहून मिळालेलं निर्वासिताचं एक कार्ड होतं तिच्याकडे. ते दाखवलं की समोरचा माणूस उलटंपालटं करून परत द्यायचा.

तुम्ही तिला पहिल्या दिवशीच बजावलंत, अंकल-आंटी म्हणायचं नाही, काका-काकू म्हणायचं. आणि गळ्यात टेप घालून माप घेणाऱ्या त्या बाईला तुमची लाडकी गोष्ट ऐकवलीत. तुमच्यासमोर दोन मिनिटं उभा राहिलेला कोणता माणूस त्या गोष्टीतून सुटला होता! “आमचं जहाज कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं. सात बायका नि सात पुरुष तेवढे वाचले. अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नाही. गावाने कागद विचारले नाहीत. तेलाचा घाणा चालवा म्हणाले. शनिवारी घाणा बंद ठेवला, तर शनवार तेली म्हणाले, तेवढंच.”

नर्गिसने विचारलं, “मग वापस कधी गेले, काका?”

“दोन हजार वर्षं झाली,” तुम्ही म्हणालात, “अजून सामान बांधतोय!”

ती इतकी हसली की टेप खाली पडली. मी मात्र आतून तुमच्यावर चिडले होते. नंतर म्हटलंही, “आपण ठाण्यात उरलोय मूठभर. उगाच कशाला कोणाच्या डोळ्यावर यायचं?” तुम्ही म्हणालात, “एस्थर, त्या किनाऱ्यावर चौदाच होतो आपण. तेव्हा गावातल्या कोणीतरी आपल्या बायकोचं न ऐकता दार उघडलं असणार.” मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आता वाटतं, ते दोन दिवस परत मिळाले तर!

मग तिला देश सोडण्याची नोटीस आली. परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत तिला बोलावलं होतं, आणि इथला कोणी रहिवासी हमीपत्र घेऊन समक्ष आला तर मुदत वाढेल असं तिला कळलं होतं. तुम्ही तिथल्या तिथे हो म्हणालात. हमीपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिलंत, एकेक अक्षर ड्रॉइंगच्या खालच्या मजकुरासारखं उभं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केलात आणि तिला सांगितलंत, “दहा वाजता इथे ये. दोघं मिळून जाऊ.”

त्या कॅलेंडरवर संकष्टी असते, ईद असते, पतेती असते. आपला सण नसतो! आपली तारीख दरवर्षी सरकते, ती सिनेगॉगच्या छोट्या पंचांगात बघावी लागते, आणि ते माझ्या कपाटात. तुम्ही गोल केलात तो एका भिंतीवर, मी पुऱ्यांचा रवा आणला तो दुसऱ्या हिशेबाने, आणि दोन्ही दिवस एकच आहेत हे आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. हसू नका, रडूही नका. अशी चूक आपल्याच माणसांकडून व्हायची.

मागच्या वर्षीचा तो दार फळणीचा दिवस. मोबाइल बंद करून कपाटात ठेवलेले. तुम्ही पांढऱ्या शर्टात, तिनेच शिवलेल्या. दहाच्या सुमाराला दारावर टकटक झाली.

“काका?”

तुम्ही पुस्तकातून वर बघितलंत. चेहरा पांढराफटक पडला. “अगं, आज... तिची ती तारीख...” म्हणत उठलात. आणि मी तुमची बाही धरली. “दार फळलंय,” मी म्हटलं. “देवाचा दिवस आहे. माणसांची कामं उद्या.”

“काका?” परत एकदा.

बाहेर म्हात्रे वहिनींचा आवाज आला. “आज त्यांचा दार फललाय गो बाय. उद्याला ये.” मग चपलांचा आवाज जिना उतरून गेला. तुम्ही खुर्चीत बसलात. दिवसभर पुस्तक उघडं होतं, पान उलटलं नाहीत.

शिळ्या सणाला सकाळी फोन चालू केला तर तिचे अकरा मिस्ड कॉल. हमीपत्र नाही, हमी देणारा नाही, म्हणून त्यांनी तिला ठेवून घेतलं होतं, आणि सहरला तिच्याबरोबर. परत पाठवायचे कागद तयार व्हायला लागले होते.

अहो, एक विचारू? जीव वाचवायचा असेल तर शब्बाथचा पवित्र दिवससुद्धा बाजूला ठेवायचा, हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच ना? आपला रूबेन लहानपणी पडला तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी, दिवे लावून झाल्यावर, हेच सांगत रिक्षा थांबवली होतीत! मग त्या दिवशी माझा हात का झिडकारला नाहीत? म्हातारीची पकड ती, केवढी असणार! एका झटक्यात सुटला असतात.

आणि त्यानंतर एकदाही मला बोलला नाहीत. हा माझा खरा राग आहे तुमच्यावर. पाच महिने तुम्ही त्या हृदयाच्या गोळ्या खिशात घालून कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेत. डोंबिवलीच्या त्या मंजिरी वकीलबाईंकडे दर आठवड्याला जायचात, अर्ज स्वतःच्या हाताने लिहायचात. घरी येऊन म्हणायचात, “चहा दे.” कधीतरी म्हणायचं होतंत, “एस्थर, तू अडवलंस.” मी रडले असते, तुम्ही चिडला असतात, मोकळे झालो असतो. तुम्ही गप्प राहिलात आणि थंडी सरता सरता तसेच निघून गेलात.

तुमच्या मातीनंतर सातव्या दिवशी मंजिरीचा फोन आला. हायकोर्टात तारीख लागली होती आणि तुमच्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं होतं. रूबेन तिकडे अश्दोदहून फोनवर म्हणाला, “मम्मी, तू यात पडू नकोस, सरळ इकडे ये.” मी त्याला तुमच्या मोठ्या भावाची आठवण करून दिली. ते तिकडे गेले तेव्हा त्यांना विचारलं होतं ना, तुम्ही खरे यहुदी कशावरून? आपल्या यहुद्यांच्या स्वतःच्या देशात गेलेल्या माणसाला पुरावे मागितले! त्यांची ती पत्रं वाचताना तुम्ही कसे खिडकीशी जाऊन उभे राहायचात. रूबेनने वाद सोडला. मग म्हणाला, “ठीक आहे, पण गुडघ्याला पट्टा लावून जा.”

गेले. तुमची फाइल काखेत धरून गेले. कोर्टाने पाठवणी थांबवली, अर्जाचा निकाल लागेपर्यंत. अटी घातल्या. एकाच पत्त्यावर राहायचं, जामीनदार हवा, पोलीस कधीही येऊन बघतील, आणि पत्त्यावर सापडली नाही तर सवलत गेली. पत्ता आपला दिला. जामीनदार म्हणून सही माझी. तुमचं ड्रॉइंगचं टेबल आता नर्गिसचं शिवणकामाचं टेबल आहे. रागावलात?

ती घरी आली त्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “काकू, मला ठाऊक होतं तुमचा धर्माचा काम चाललंय. म्हणून मी तिसऱ्यांदा वाजवला नाय.” तिची मराठी म्हात्रे वहिनींच्या हाताखाली तयार झाली आहे, त्यामुळे सगळं त्याच चालीवर. पण मला हसू आलं नाही हो. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

वल्हांडणाला तुमच्यासारखी गोष्ट सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मीच सांगितली. मिसर देशातून आपले लोक कसे निघाले, रात्रीत भाकरी फुगायलाही वेळ नव्हता, वगैरे. सहर दहा वर्षांची आहे आता. तिने विचारलं, “आजी, त्यांच्याकडे पासपोर्ट होते?” इतकी वर्षं आपल्या मुलांनी त्या रात्री ठरलेले प्रश्न विचारले. हा कोणी विचारला नव्हता. तुम्ही असतात तर तिला खांद्यावर घेऊन नाचला असतात.

आता कालचं.

यंदा आपली सगळी मंडळी सिनेगॉगला गेली, मी घरी राहिले. तुम्ही यायचे होतात ना? नर्गिस आणि सहर आतल्या खोलीत, आवाज न करता. तिने मशीनसुद्धा झाकून ठेवलं होतं. मी तुमच्या खुर्चीशेजारी बसून तुमच्याच पुस्तकातून जमेल तसं वाचत होते. अकरा वाजले असतील. दारावर टकटक.

बाहेरून म्हात्रे वहिनी, ठरल्याप्रमाणे! “आज त्यांचा दार फललाय. उद्याला या.”

“अहो ताई, आम्ही पोलीस स्टेशनमधून आलोय,” एक पुरुषी आवाज म्हणाला. “पत्ता चेक करायचाय. ती फॉरेनर बाई इथेच राहते ना? दार नाही उघडलं तर आम्हाला ‘आढळून आली नाही’ असंच लिहायला लागतं. रिपोर्ट आजच जातो.”

मी उठले. तेवढ्यात नर्गिस आतून आली आणि तिने माझी बाही धरली. कुजबुजली, “नको काकू. आज तुमचा दार फललाय ना. माझ्यासाठी नको.”

सॉलोमन, मी तुमच्या खुर्चीकडे बघितलं. शर्ट जिथल्या तिथे होता. तुम्ही काही बोलला नाहीत. नेहमीप्रमाणे! पण मला एवढं कळलं की मागच्या वर्षी तुम्हाला जे जमलं नाही ते तुमच्यामुळे नाही, माझ्या या हातामुळे. मी नर्गिसचे हात सोडवले. हळू सोडवले, पण सोडवले. आणि कडी काढली.

म्हात्रे वहिनींनी तोंडाला पदरच लावला. हवालदार होता, बरोबर एक पोलीस मुलगी. मी पांढऱ्या साडीत, पोटात आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही, दाराची चौकट धरून उभी. म्हटलं, “ही नर्गिस. ही तिची लेक. इथेच असतात. या, बघून घ्या.” त्याने नर्गिसचा फोटो जुळवला, आत डोकावून बघितलं, मग रजिस्टर पुढे केलं. “इथे सही करा, काकू. जामीनदार म्हणून.”

त्या दिवशी लिहायचंही नसतं. मला काय ठाऊक नाही? त्या दिवशी वर देवाचं पुस्तक उघडं असतं, वर्षभरात कोण जगणार नि कोण जाणार ते त्यात लिहून संध्याकाळी मिटतं, असं लहानपणापासून ऐकलंय. पण माझ्यासमोर हवालदाराचं रजिस्टर होतं. मी त्यावर सही केली. उभ्या उभ्या केली, ‘एस्थर’चा ‘थ’ ओळीच्या खाली गेला. तुम्ही बघितलं असतंत तर खोडून परत काढायला लावला असतात.

पोलीस मुलगी जाताना म्हणाली, “काकू, काही खाऊन घ्या, चक्कर येईल.” म्हात्रे वहिनी तिच्यावरच खेकसल्या, “उपास हाय तिचा! तारं दिसल्याशिवाय नाय खायची ती.” आणि मग मलाच दम दिला, “आता लाव दार. अजून दिस बाकी हाय.”

मी दार लावलं आणि परत पुस्तक घेऊन बसले. माफी मागायची होती वर्षभराच्या चुकांची. दार उघडल्याची मागितली नाही. मागच्या वर्षी न उघडल्याची मागितली. संध्याकाळी तारे दिसल्यावर पहिला घोट पाणी नर्गिसने दिलं, आणि कळलं की तीही दिवसभर उपाशी होती. सांगितलंही नाही हो कोणाला!

सुनावणी दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. मंजिरी म्हणते, कालचा रिपोर्ट चांगला गेला, पण खात्री कशाचीच नाही. त्यांना परत धाडतीलही. सहर मात्र निर्धास्त, आत्ता माझ्या शेजारी बसून पुऱ्या डब्यात भरतेय. शिळ्या सणाला वाटायच्या असतात ना! पहिला डबा म्हात्रे वहिनींना, दुसरा पोलीस स्टेशनला. हो, मी सांगितलंय तसं. तुम्ही असतात तर स्वतः घेऊन गेला असतात आणि त्या हवालदाराला जहाजाची गोष्ट ऐकवून आला असतात.

आता ती मला विचारतेय, “आजी, आजोबा कधी निघणार?” तिला मी तुमच्या मुक्कामाचं सांगून ठेवलंय. म्हटलं, पत्र संपलं की.

तेव्हा शेवटचं. पुढच्या वर्षी या. नर्गिस इथे असो, की तिला नेलेलं असो, तुमच्या आईची रीत मी मोडणार नाही. सूर्य मावळायच्या आत दार फळणार. पण शब्द देते, जोवर मी या घरात आहे, आतून कडी लागणार नाही. ज्याला यावंच लागेल त्याला ढकलता येईल एवढंच ते लोटलेलं असेल.

आज जाताना तुम्हीही तसंच लोटून घ्या.

तुमची,
एस्थर